राक्षसी मुंगी आणि निर्बीज माशी

पनवेलच्या दिवाणी न्यायालयात वकिली करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि कीटकशास्त्राचे अध्यापन करणारी त्यांची पुतणी यांच्यामध्ये, भयपटांतील अवाढव्य कीटकांच्या निमित्ताने, वडाळे तलावाच्या काठी झालेला वाद येथे दोघांच्याच शब्दांत मांडला आहे. काकांना जुन्या इंग्रजी भयपटांचा नाद आहे आणि तो ते कधी लपवीत नाहीत. पुतणीला मात्र असले चित्रपट शेवटपर्यंत पाहवत नाहीत, कारण पडद्यावर मुंगी दिसली की तिचे लक्ष प्रथम त्या मुंगीच्या सांध्यांकडे जाते. वादाचा निकाल लागला असे म्हणता येणार नाही. तथापि उभयपक्षी मुद्दे निघाले, आणि वाद चांगला चालला की एवढे पदरी पडते.

काका — मी या चित्रपटांचे वकीलपत्र घेतले आहे असे समज. अशील जरा आरडाओरडा करणारा आहे हे मी आधीच मान्य करतो, पण आरडाओरडा करणाऱ्याची फिर्याद खोटीच असते असे नाही. १९५४ साली आलेल्या ‘देम!’ची कथा तुला ठाऊक असेलच. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात १९४५ साली जो पहिला अणुस्फोट झाला, त्याच्या किरणोत्सर्गाने तिथल्या मुंग्या मोटारीहून मोठ्या झाल्या, आणि अखेर लॉस एंजेलिसच्या भुयारी गटारांत लष्कराला त्या जाळाव्या लागल्या. पुढच्या वर्षीच्या ‘टॅरँट्युला’त जगाची अन्नटंचाई निवारण्याच्या हेतूने सिद्ध केलेल्या पोषकद्रव्याने कोळी डोंगराएवढा वाढतो. १९५७च्या ‘बिगिनिंग ऑफ द एन्ड’मध्ये सरकारी कृषिकेंद्रातील किरणोत्सर्गी धान्य खाऊन माजलेले टोळ शिकागोवर चालून जातात. या साऱ्या कथांत एक गोष्ट समान आहे, आणि ती कीटकांविषयी नाही. हेतू प्रत्येक वेळी स्तुत्य किंवा निदान देशहिताचा असतो, प्रयोग कुंपणाआड चाललेला असतो, आणि शेजारच्या गावाला त्याची वार्ता लागते ती पहिले प्रेत सापडल्यावर. मी या चित्रपटांकडे प्राणिशास्त्राचा धडा म्हणून पाहत नाही. कारभाराच्या एका विशिष्ट पद्धतीविरुद्ध दाखल झालेला तो दावा आहे असे मी मानतो.

पुतणी — दावा दाखल करणाऱ्याने निदान घटनास्थळाचा पंचनामा तरी खरा सादर करावा, काका. प्राण्याची लांबी दहापट झाली की त्याच्या पायांचा छेद शंभरपट होतो आणि वजन हजारपट. मोटारीएवढी मुंगी धावणे दूरच, उभीसुद्धा राहू शकणार नाही. कीटकाला फुप्फुसे नसतात. अंगावरील छिद्रांतून निघालेल्या सूक्ष्म नलिकांच्या जाळ्यातून प्राणवायू त्याच्या पेशींपर्यंत पोचतो, आणि ही व्यवस्था लहान देहालाच पुरते. हा हिशेब जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालीच एका लहानशा निबंधात सामान्य वाचकाला समजेल असा मांडला होता. पुढे ते भारतात स्थायिक झाले आणि भुवनेश्वरला निवर्तले. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा हवेत प्राणवायूचे प्रमाण आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक होते, तेव्हादेखील चतुराच्या कुळातील सर्वांत मोठ्या कीटकाच्या पंखांचा विस्तार अडीच फुटांपलीकडे गेला नाही. परंतु माझा खरा आक्षेप आकाराविषयी नाही, सालाविषयी आहे. ज्या १९५४ साली किरणोत्सर्गाने मुंगी राक्षसी झाल्याचे तुमच्या अशिलाने जगाला दाखवले, त्याच वर्षी कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर किरणोत्सर्गानेच एका मारक माशीचा निर्वंश करून दाखवण्यात आला.

काका — ही कोणती माशी?

पुतणी — गुरांच्या जखमेत अंडी घालणारी. तिच्या अळ्या जिवंत मांस कुरतडतात, आणि वेळीच उपचार झाला नाही तर जनावर दगावते. एडवर्ड निपलिंग या शास्त्रज्ञाने ध्यानात घेतले की या जातीची मादी आयुष्यात बहुधा एकदाच संग करते. तेव्हा प्रयोगशाळेत वाढवलेल्या नरांना कोशावस्थेतच गॅमा किरणांनी निर्बीज करून मोठ्या संख्येने सोडले, तर पुष्कळशा माद्यांचा संग व्यर्थ जाईल आणि प्रत्येक पिढीगणिक संख्या घटत जाईल. काही महिन्यांतच त्या बेटावरून ही माशी नाहीशी झाली. किरणांनी जनुकांत बदल घडतो हे हर्मन म्युलर यांनी १९२७ सालीच फळमाशीवर सिद्ध केले होते, म्हणजे चित्रपटाला आणि निपलिंगला बीज एकाच कोठारातून मिळाले होते. चित्रपटाने त्यातून राक्षस काढला आणि निपलिंगने औषध. पडद्यावरच्या मुंगीला सत्तर वर्षे पिढ्यानुपिढ्या प्रेक्षक मिळाले. क्युरासावची माशी मात्र माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनाही सांगावी लागते. इतके कशाला, इथून खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांच्याच साहाय्याने निर्माण केलेले भुईमुगाचे वाण महाराष्ट्रातला शेतकरी कितीतरी वर्षे पेरतो आहे, आणि तुम्ही ते दाणे मुठीमुठीने खाता.

काका — दाणे खातो, पण ते दाणे माझ्या परवानगीवाचून उडत येऊन मला चावत नाहीत. माशीचा दाखला मात्र मला मान्य आहे. किंबहुना मी तो माझ्याच बाजूने वापरीन. चित्रपटांनीही पुढे किरणोत्सर्ग सोडून जनुकांची कास धरली, हे तू पाहिले असशील. १९५८च्या ‘द फ्लाय’मध्ये यंत्रातील अपघाताने माणसाचे आणि माशीचे डोके बदलते; डेव्हिड क्रोननबर्गने १९८६ साली तीच कथा पुन्हा घेतली तेव्हा डोके जागेवर राहिले आणि संगणकाने दोघांची जनुके एकत्र विणली. चित्रकथेतल्या स्पायडरमॅनला १९६२ साली किरणोत्सर्गी कोळी चावला होता, २००२च्या चित्रपटात तोच कोळी जनुकीय प्रयोगशाळेतून येतो. या मालिकेतला माझ्या मते सर्वांत विचारी चित्रपट म्हणजे गिल्येर्मो देल तोरोचा १९९७चा ‘मिमिक’. न्यूयॉर्कमध्ये झुरळांमार्फत पसरणाऱ्या रोगाने मुले मरू लागतात. एक स्त्री-शास्त्रज्ञ, तुझ्यासारखीच सद्हेतूची, वाळवी आणि खंडोबाचा किडा यांच्या जनुकांपासून नवा कीटक घडवते. तो झुरळे मारतो, मुले वाचतात. तो निर्बीज आहे आणि काही महिन्यांत आपोआप संपेल, अशी तिने हमी दिलेली असते. तीन वर्षांनी तो भुयारी रेल्वेत माणसाएवढा वाढून माणसाचीच आकृती धारण करून उभा असतो. त्याच्या उंचीवर तू खुशाल आक्षेप घे. मला त्या ‘निर्बीज’ या हमीवर उलटतपासणी घ्यायची आहे.

पुतणी — अवश्य घ्या, पण साक्षीदार प्रयोगशाळेबाहेरचेही बोलवा. कर्नाळ्याच्या सुळक्याला जी आग्या मोहोळे लागतात, ती चवताळली म्हणजे गिर्यारोहकांची काय अवस्था होते हे पनवेलकरांना सांगावयास नको. त्या माशीच्या जनुकांना कोणी हात लावलेला नाही. ब्राझीलमध्ये १९५६ साली वॉरविक केर यांनी अधिक मध मिळावा म्हणून आफ्रिकेतील मधमाश्या आणल्या, पुढल्या वर्षी सव्वीस वसाहती निसटल्या, आणि त्यांच्या संकरातून झालेल्या तापट संततीने ‘द स्वॉर्म’सारख्या चित्रपटांना विषय पुरवला. तो संकर जुन्या पद्धतीचाच होता, गुराख्याला ठाऊक असतो तसा. पुढे ब्राझीलच्या मधपाळांनी हाताळणीची रीत बदलली आणि त्याच माशीवर तिथला मधाचा धंदा उभा राहिला, हा उत्तरार्ध कोणी चित्रित केला नाही. प्रयोगशाळेवाचून घडलेला याहून मोठा बदल तर आपल्या जिल्ह्याच्या परिचयाचा आहे. रसायनीला हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात डीडीटी बनत असे. १९५३ साली देशात हिवतापाचे वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असावेत असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात ती संख्या लाखाच्या आसपास आली, आणि १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. कारणे अनेक होती, पण त्यांतले एक असे की जे डास फवाऱ्यातून वाचले त्यांच्याच पिढ्या वाढल्या, आणि डीडीटी पचवणारे डास आम्ही स्वहस्ते निवडून काढले. ही निवड कोणत्याही जनुकशास्त्रज्ञाच्या टेबलावर झाली नाही, घराघरांच्या भिंतींवर झाली.

काका — हे म्हणजे आरोपीने दुसऱ्या आरोपीकडे बोट दाखवणे झाले.

पुतणी — नाही, आरोपपत्रच चुकीच्या इसमावर आहे असे माझे म्हणणे आहे. परीक्षिताची कथा घ्या. तक्षकाच्या भयाने राजाने एकखांबी महाल बांधला, वैद्य आणि मांत्रिक जवळ ठेवले, चहूकडे पहारे बसवले. आणि तक्षक आत आला तो फळातली इवलीशी अळी होऊन. महाभारतकाराला जे कळले ते ‘देम!’च्या कर्त्यांना कळले नाही, की मारक कीटक मोठा असण्याची गरज नसते. तो लहान असतो, पुष्कळ असतो, आणि आपण ज्याला निर्धोक समजून हातात घेतो त्यातच असतो. महाराष्ट्रात हे अक्षरशः घडले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला केंद्राची मान्यता मिळाली. जीवाणूचे जनुक कापसात घातल्यामुळे बोंडअळी मरत होती, आणि पहिली काही वर्षे फवारणी घटलीही. गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती आल्याची पहिली नोंद गुजरातेत २००९-१०च्या सुमारास झाली, आणि २०१७च्या हंगामात विदर्भात तिने शेतेच्या शेते पोखरली. पांढरे बोंड फोडावे तो आत अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळीने माणसाला स्पर्शही केला नाही, आणि माणसे गेली.

काका — तर मग माझाच दावा शाबीत झाला. प्रयोगशाळेने हमी दिली, अळीने ती मोडली.

पुतणी — हमीबरोबर एक शर्त होती, काका. प्रत्येक पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियाणे आणि १२० ग्रॅम साध्या कापसाचे वेगळे बियाणे असे. ते शेताच्या कडेने लावायचे, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, प्रतिकारक अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकारशक्ती पसरण्यास विलंब लागेल. ते १२० ग्रॅम बहुतेकांनी पेरलेच नाही, कारण अळीसाठी जमीन सोडणे कोणाला परवडत होते, आणि ते कशासाठी पेरायचे हे शेताच्या बांधावर उभे राहून समजावून सांगणारे फार थोडे होते. जनुकाने आपले काम केले. शर्त पाळून घेणारी यंत्रणा नव्हती. या कथेत वेडा शास्त्रज्ञ कुठेही नाही, म्हणून तिचा चित्रपट होत नाही. आणि चित्रपट होत नाही म्हणून लोक भलत्याच दाराशी पहारा देतात.

काका — यंत्रणा नव्हती, हेच तर मी आरंभापासून म्हणतो आहे! तू ज्याला शर्त म्हणतेस तिला आम्ही कराराचा गाभा म्हणतो. ती अंमलात येणार नाही हे ठाऊक असताना केलेला करार मुळातच सदोष असतो. आणि सद्हेतूच्या अंमलबजावणीचा आपल्याकडील इतिहास पाहा. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले, झडत्या झाल्या, माणसे वस्तीतून उचलली गेली, आणि २२ जूनच्या रात्री प्लेग-अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. रोग पिसवेमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमोंने कराचीत दाखवून दिले ते पुढच्या वर्षी, १८९८ साली. म्हणजे सरकारला खरा मारेकरी कीटक ठाऊकच नव्हता, तथापि अधिकार मात्र संपूर्ण होता. भयपटाने अज्ञान आणि अधिकार यांच्या याच युतीला अजस्र पाय आणि नांग्या जोडल्या, एवढेच.

पुतणी — दाखला मोठा आहे, आणि मी तो टाळणार नाही. पण भयालाही अधिकार असतो आणि अज्ञान असते. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे केंद्र काढले. पैसा अमेरिकेच्या भारतातील रुपया-निधीतून होता. निर्बीज नर सोडून डास घटवायचे, म्हणजे क्युरासावचीच वाट. १९७४ साली वृत्तपत्रांतून आरोप सुरू झाले की हे संशोधन जैविक युद्धाच्या कामी येणारे आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थलांतरी पक्ष्यांच्या अभ्यासावरही त्या ओघात संशय घेतला गेला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ साली ताशेरे ओढले, आणि सोनीपतला एडिस जातीचे निर्बीज नर सोडण्याचा ठरलेला प्रयोग अगदी तोंडावर आला असताना थांबला. तोच एडिस डेंग्यू पसरवतो. १९९६च्या साथीत एकट्या दिल्लीत दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेंवर मृत्यू झाले. तो प्रयोग झाला असता तर हे टळले असते असे मी म्हणणार नाही, कारण ते कोणालाच सांगता येणार नाही. परंतु जे केले गेले त्याची चौकशी संसदेत होते, आणि जे केले गेले नाही त्याची चौकशी कधीच होत नाही.

काका — समितीचे आक्षेप डासाच्या नांगीविषयी नव्हते, पोरी. पीतज्वर या देशात नाही, मग पीतज्वराच्या डासावर एवढा भर का. माहितीचा ताबा कोणाकडे. परदेशी पैशाच्या बदल्यात काय जाते. हे प्रश्न करदात्याच्या प्रतिनिधींनी विचारायचे नाहीत तर कोणी? त्याच १९७५च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील ॲसिलोमारला जनुकशास्त्रज्ञ एकत्र जमले आणि स्वतःच्या प्रयोगांवर त्यांनी स्वतःच मर्यादा घालून घेतल्या, पत्रकारांच्या समक्ष. लोकांचा विश्वास काही अंशी तरी टिकला तो त्यामुळे. दिल्लीत दार बंद राहिले म्हणून लोकांनी दारामागे राक्षस आहे असे मानले. बंद दाराच्या बाबतीत ती शंका वाजवी असते.

पुतणी — आता दार उघडे ठेवून केलेला प्रयोग पाहू. जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यातील दावलवाडीला, जानेवारी २०१७ मध्ये ऑक्सिटेक आणि जीबीआयटी या कंपन्यांनी जनुक बदललेल्या एडिस डासांच्या पिंजऱ्यातील चाचण्या जाहीरपणे सुरू केल्या. या नरांच्या संततीला टेट्रासायक्लिन हे औषध मिळाले नाही तर ती प्रौढ होण्याआधीच मरते; नर स्वतः चावत नाही. बातम्या आल्या, वाद झाले, आणि डास पिंजऱ्यातच होते. यात ‘मिमिक’ कुठे आहे?

काका — ब्राझीलमधल्या जाकोबिना या गावी आहे. त्याच जातीचे डास तिथे सोडल्यावर त्यांच्या जनुकांचा काही अंश स्थानिक डासांत उतरल्याचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला, तो मी वाचला आहे. मरायची होती ती संतती सगळी मेली नाही.

पुतणी — शेकडा तीन-चार जगते हे प्रयोगशाळेत आधीच नोंदलेले होते, आणि उतरली ती त्या वाणाची पार्श्वभूमीची जनुके; मारक जनुक टिकल्याचे दिसले नाही. त्या निबंधातील काही विधानांविषयी संबंधित नियतकालिकानेच पुढे चिंतेची टिपणी जोडली. तथापि एक मान्य करते. ‘सगळी मरते’ आणि ‘बहुतेक मरते’ यांतले अंतर शास्त्रज्ञाला किरकोळ वाटते. गावाला ते आधी आणि ठळकपणे सांगायला हवे होते.

काका — एवढे कबूल केलेस तर तडजोडीचा मसुदा करता येईल. समज, उद्या असे डास सोडण्याचा अर्ज आपल्या पनवेलसाठी आला. १८५२ सालची ही नगरपालिका २०१६ पासून महानगरपालिका आहे. पलीकडे खाडी, अलीकडे खारजमीन, आणि शहराच्या चहूकडे इमारतींची बांधकामे चाललेली. जनुक बदललेल्या जीवांविषयीच्या १९८९च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. तिच्यापुढे मी तीन शर्ती ठेवीन. पहिली, अर्ज आणि त्यातील सर्व धोके मराठीत छापून प्रत्येक प्रभागात लावावेत. दुसरी, डासांची मोजणी कंपनीने करू नये, तिऱ्हाइताने करावी आणि अपयशाचे आकडेही प्रसिद्ध करावेत. तिसरी, काहीही अपाय होणार नाही हे अर्जदाराने अगोदर सिद्ध करावे.

पुतणी — पहिल्या दोन शर्तींवर माझी सही आत्ता घ्या. तिसरी अमान्य आहे, कारण काहीच होणार नाही हे जगात कोणालाही सिद्ध करता येत नाही. याच कसोटीवर गल्लीतून फिरणारे धूरफवारणीचे यंत्र उद्या बंद करावे लागेल. तिच्या जागी असे लिहा: डास सोडल्यास काय होऊ शकेल आणि न सोडल्यास दर पावसाळ्यात काय होत आहे, हे दोन्ही हिशेब एकाच कागदावर समोरासमोर मांडावेत, प्रयोग पायरीपायरीने करावा, आणि नुकसान झाल्यास भरपाईची रक्कम आधीच अनामत ठेवावी.

काका — अनामत ठीक आहे. दोन्ही हिशेब समोरासमोर, हेही ठीक. पण पुराव्याचे ओझे तरीही सोडणाऱ्याच्याच खांद्यावर राहील. दोन्ही पारडी समान आहेत असे मी मानणार नाही, कारण रोग कोणी अर्ज करून आणलेला नसतो.

पुतणी — आणि मी असे म्हणेन की उपाय हाती असून तो अडवून ठेवणे हीही एक कृती आहे, तिचेही ओझे कोणीतरी वाहावे. इथे आपले जमणार नाही.

काका — न जमो. मतभेदाची टीप इतिवृत्तात नोंदवू. फक्त समितीची सभा अलिबागेत न भरवता इथे पनवेलला, संध्याकाळी, या तलावाच्या काठी भरवावी; म्हणजे प्रस्तुत प्रकरणातील मुख्य प्रतिवादी समन्सावाचून जातीने हजर राहतील.

पुतणी — संध्याकाळी येतील ते क्युलेक्स, काका. एडिस दिवसा चावतो. सभा सकाळी ठेवा, नाहीतर भलत्याच इसमाची साक्ष नोंदली जाईल.